दाढेखालची लवंग

या आठवड्यात आमच्या गल्लीत पुन्हा ठसका सुरू झालाय. सकाळी कॉलेजला निघाले की पहिल्याच वळणावर कुणाच्या तरी दारात मोठी कढई चढलेली असते आणि मिरची भाजल्याचा वास नाकातून थेट घशात उतरतो. मी ओढणी तोंडाला लावते. मागून सायकलवरून येणारे काका खोकतात. समोरचं कुत्रंसुद्धा शिंकतं. कुणी कुणाला काही बोलत नाही, कारण आज त्यांची चटणी, उद्या आपली. आम्ही शिरोलीत, एमआयडीसीच्या अंगाला राहतो. धूर आम्हाला नवा नाही. पण फाउंड्रीच्या धुराला सगळे शिव्या देतात आणि चटणीच्या धुराला कुणी देत नाही.

वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसणाचा मसाला, करायचे दिवस आणि परीक्षेचे दिवस आमच्याकडं एकत्रच येतात. त्यामुळं माझ्या पुस्तकांना या दिवसांत लसणाचा वास लागतो. दरवर्षी लागतो. पण दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा माझ्यातून जात नाही. तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. त्या उन्हाळ्यात काही मोठं घडलं असं म्हणता येणार नाही. आईची एक दाढ गेली, एवढंच. दाढा सगळ्यांच्याच जातात. तरी गल्लीत ठसका उठला की मला पहिल्यांदा ती दाढ आठवते.

पप्पा दुसऱ्याच्या मालकीचा टेंपो चालवतात, फाउंड्रीतून ओतलेला माल पोचवायचा. आई फाउंड्रीतच कोअर शॉपमध्ये आहे. लोखंड ओतताना वस्तूच्या आत जिथं पोकळ जागा राहायला हवी तिथं वाळूचा गाभा ठेवतात. तो गाभा बनवायचं काम बायका करतात. त्या वर्षी ऑर्डरी कमी झाल्या. पप्पांच्या खेपा निम्म्यावर आल्या, आईचा ओव्हरटाइम बंद झाला. हे मला कुणी समोर बसवून सांगितलं नाही. चहाच्या रंगावरून कळलं. दूध कमी होत गेलं तसा चहा काळपट होत गेला, आणि आई म्हणाली, "दुधानं पित्त हुतंय."

आईची काटकसर अशी न सांगता यायची. साबणाची वडी दोऱ्यानं कापून अर्धी बाहेर निघायची. आंघोळीचं पाणी गॅसवरून अंगणातल्या चुलीवर गेलं. कंपनीतून येताना ती वडापची जीप सोडून चालत यायला लागली आणि विचारलं तर म्हणायची, "दिवसभर उभं राहून पाय आखडत्यात, चाललं की मोकळं हुत्यात." दिवसभर उभी राहिलेली बाई पाय मोकळे करायला चालते, हे मी तेव्हा खरं मानलं. रविवारी मटणाऐवजी अंडी आली. पण रस्सा तोच, तेवढाच लाल, वर तेवढीच तर्री. दार उघडं ठेवूनच ती फोडणी द्यायची. वास गल्लीत गेला की शेजारच्यांना वाटावं, आज यांच्यात मटण.

म्हणूनच बहुधा चटणीचं माप मात्र तिनं कमी केलं नाही. खोबरं, लसूण, ब्याडगी मिरची, सगळंच महागलं होतं. मी धीर करून म्हटलं, "आई, यंदा निम्मीच करूया की. संपली तर दुकानातनं आणू."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी घर विकायला काढलंय.

"चटणी हाय म्हणून बाकीचं कापता येतंय," ती म्हणाली. "डब्यात चटणी असली की वांगं नसलं तरी चालतंय, डाळ पातळ झाली तरी चालतंय. तेल-चटणी-भाकरी कुणाला बी घालता येती. चटणी संपल्यावर काय घालणार, तुझं पुस्तक?"

मी कॉमर्सला आहे. वर्गात जे शिकत होते त्यापेक्षा हे जास्त पटण्यासारखं होतं.

दाढ दुखायला लागली ती होळीच्या आसपास. आईनं सांगितलं नाही. मला कळलं ते तिच्या जेवण्यावरून. आई कडक भाकरीची. तव्यावर फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा आधी काढून कुरुकुरु खाणारी. ती एके दिवशी भाकरी कालवणात कुस्करून खाताना दिसली.

"आई, दाढ दुखतीया काय?"

"न्हाय गं. जरा सळसळतंय."

"डॉक्टरला दाखव की."

"दाखवायचं पैसं, मग त्यानं सांगितलेल्याचं पैसं, मग करायचं पैसं. दाखवलं म्हणजे चालूच झालं की. चटणी हुंदे, मग बघू."

दाखवलं म्हणजे चालू झालं. हे वाक्य मी पुढं कितीदा आठवलं असेन. तिला दुखण्यापेक्षा त्या तपासणीच्या पैशाची भीती जास्त होती, आणि ती भीती खोटी होती असं मला आजही म्हणता येत नाही.

चटणीचं साहित्य लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आलं होतं. दगडफूल, नागकेशर, दालचिनी, लवंग, सगळं कागदाच्या पुड्यांत, फडताळाच्या वरच्या फळीवर. एका सकाळी आईनं लवंगेची पुडी उघडली, एक लवंग उचलली, दाढेखाली धरली आणि कामाला गेली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, तिनं कालचीच लवंग पदराच्या गाठीतून काढून तोंडात ठेवली. वास कधीच गेलेली, चावून चोथा झालेली.

"अगं, नवी घे की त्यातली," मी म्हटलं.

"चटणीचं माप बिघडतंय."

"मग मी दुकानातनं वेगळी आणते, दोन-चार."

"एवढ्या पुडीभर लवंगा घरात असताना लवंगा इकत आणतीस?" तिला खरंच राग आला. "कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय?"

कॉलेजात त्या दिवसांत आम्हाला गरजा, सुखसोयी आणि चैन शिकवत होते. सरांनी उदाहरणं दिली होती. धान्य ही गरज, पंखा ही सोय, गाडी ही चैन. मी लिहून घेतलं. लिहिताना मनात आलं, दाढ कशात धरायची? खाता येण्यासाठी दाढ लागते, म्हणजे गरज. पण तोंडात बाकीचे दात असतील तर मग एक दाढ ही सोय म्हणायची काय? आणि आईनं तर ती सरळ चैनीतच टाकली होती. सरांना विचारावंसं वाटलं, पण मी हात वर केला नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कुठला प्रश्न वर्गात विचारण्यासारखा असतो, हे मला अजूनही नीट कळत नाही.

आपणही काही वाचवावं म्हणून मी बसमधून उतरायचं ठिकाण बदललं. एक स्टॉप आधी उतरले की तिकीट थोडं कमी पडायचं. उन्हातून चालत यायचे. मोठं काही केल्यासारखं वाटायचं. मग माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तो शिवून घेतला, पुन्हा तुटला, आणि शेवटी आईनं मला नवी चप्पल आणली. वाचवलेलं सगळं चपलेत गेलं आणि वर थोडं आईच्या खिशातून. "शानी माझी," ती गालावर हात दाबून हसत म्हणाली, "तुझं कापायचं काम माझ्यावर सोड. तुला न्हाय जमायचं ते." ती थट्टा करत होती. मी हसले. नंतर मोरीत जाऊन तोंड धुतलं.

चटणी भाजायला शेजारच्या शमशादभाभी आल्या. दरवर्षी त्या आमच्यात येतात आणि आई त्यांच्यात जाते. कढई, झारा, हात सगळं एकमेकींचं. तेव्हा रमजान चालू होता. भाभींनी तोंडाला फडकं बांधलं होतं आणि घाम पुसत त्या कांदा परतत होत्या.

"भाभी, रोजाचं तुम्ही कशाला आला? सांगितलं असतं तर मी केलं असतं की," आई म्हणाली.

"तू केलं असतंस, बघतीया की मी. एका हातानं गाल धरलायस, एका हातानं भाजणार. मिरची करपली की वर्षभर माझ्या नावानं खडं फोडशील."

"मी कशाला तुमच्या नावानं?"

"मग कुणाच्या? नवऱ्याच्या फोडशील व्हय? त्यो बिचारा तर चटणी आहे की गुलाल हे बी बघत न्हाय, जेवतोय."

दोघी हसल्या. आईला हसताना कळ आली, तिनं डोळे मिटले. भाभींनी झारा थांबवला. म्हणाल्या, "दाढेला लसूण चेचून लाव." आई म्हणाली, "लसणाचा भाव ऐकलाय काय?" आणि पुन्हा दोघी हसल्या.

मग मीठ घातलं. मिठाचा अंदाज आई मापानं घेत नाही. थोडी चटणी कालवून जिभेवर ठेवते, डोळे बारीक करते आणि मान हलवते. त्या दिवशी तिनं बोटाला घेतलेली चटणी तोंडाशी नेली आणि तशीच खाली आणली. तिखट दाढेला लागलं असतं तर ती तिथंच बसली असती. तिनं भाभींकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस? माझा रोजा हाय की."

"मग वास घेऊन सांगा."

"वासावरनं मीठ कळतंय व्हय गं? मी काय पोलिसाचं कुत्रं हाय?"

मग दोघींनी माझ्याकडं बघितलं. मी जिभेवर ठेवली. कान गरम झाले, डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडात एक भडका सोडून काहीही उरलं नाही. मीठ कुठं आहे ते मला शोधूनही सापडेना. दोघी वाट बघत होत्या. चटणी कुटायच्या डंकावर आमचा नंबर लागला होता, उशीर झाला तर दुसऱ्याचा माल आधी कुटायला घेतात.

"बरोबर वाटतंय," मी म्हटलं.

डंकाच्या त्या पत्र्याच्या खोलीत सगळं लाल असतं. भिंती, माणसं, भुवया. लोखंडी मुसळं वरखाली होत असतात आणि बायका एकमेकींच्या डब्यात डोकावून रंग बघत असतात. आमच्या चटणीचा रंग त्या वर्षीही चांगला आला. ब्याडगी कमी होती, तरी आईनं काय जुळवलं कोण जाणे. एक बाई म्हणाली, "रंग झ्याक आलाय हो." आईचा चेहरा त्या दुखण्यातही उजळला. गेले कितीतरी दिवस ती सगळीकडं थोडं थोडं कापत होती आणि कुठंच दिसू देत नव्हती. ते साधलं होतं.

पहिला डबा कोडोलीच्या आत्याला जातो. नणंदेला चटणीचा वानवळा द्यायचा, हे आजीच्या काळापासूनचं. त्या वर्षी तरी डबा लहान करावा असं मला वाटत होतं. आईनं तोच डबा घेतला आणि दाबून भरला. "डबा लहान झाला की कोडोलीत कळतंय, शिरोलीत काय चाललंय ते," ती म्हणाली.

चार दिवसांनी आत्याचा फोन आला. आत्या फोनवरही शेतात हाक मारल्यासारखी बोलते, त्यामुळं स्पीकर लावायची गरज नसते.

"वैनी, चटणी मिळाली बरं का! रंग चांगला हाय. पर यंदा मीठ महागलं काय गं तुमच्यात?"

आई हसली. "व्हय की, मीठ लई महागलंय," असं म्हणाली आणि इकडचं तिकडचं बोलली. फोन ठेवला आणि मग तिचं तोंड उतरलं. खोबऱ्यात कापलं ते कळलं नाही. ब्याडगीत कापलं ते कळलं नाही. आणि जे तिनं कापलंच नव्हतं, घरात सगळ्यात स्वस्त होतं, त्या मिठानं तिला उघडं पाडलं. मी म्हटलं, "आई, माझ्यामुळं झालं."

"तुझं काय न्हाय त्यात. चव घ्यायला तोंड माझं न्हवतं," ती म्हणाली. मग सगळी चटणी परातीत ओतून, मीठ भाजून, वाटून, तिनं पुन्हा कालवली. कमी मिठाची चटणी पावसात बुरशी धरते. कोडोलीला तिनं मिठाची पुडी पाठवली नाही. आत्यानं ते आपलं आपण घालून घेतलं असेल.

चटणी झाली, तेव्हा आम्ही फाट्याजवळच्या दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दाढेवर काहीतरी टकटक केलं, आईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला आला असता तर नुसतं सिमेंट भरून भागलं असतं. आता कीड मुळापर्यंत गेलीय. रूट कॅनाल करावं लागेल, वर कॅप. दाढ वाचेल मात्र."

"आणि काढली तर?" आईनं विचारलं.

डॉक्टरांनी दोन्हीचे आकडे सांगितले. मी आईकडं बघत होते. ती आकड्यांकडं बघत असावी, कारण तिची नजर समोरच्या भिंतीवर होती. त्या भिंतीवर पांढऱ्या दातांनी हसणाऱ्या बाईचं चित्र होतं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आई, वाचवूया की. माझी पुढची फी नंतर भरली तरी चालतीया." कॉलेजात असं चालतं की नाही हे मला माहीत नव्हतं. रस्ता ओलांडताना आईनं माझा हात धरला, लहानपणी धरायची तसा.

माझ्या अर्थशास्त्राच्या पेपरच्या दिवशी ती एकटीच गेली. मला सांगितलं नव्हतं. दुपारी मी घरी आले तर ती उंबऱ्याशी बसली होती. गाल सुजलेला, तोंडात कापूस. मी काय ते समजले. मला ओरडायचं होतं. पण जिला बोलता येत नाही तिच्यावर कसं ओरडणार? तिनं माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या आणि हवेत बोटानं लिहिल्यासारखं केलं. पेपर कसा गेला?

मग मी तिच्याजवळ बसले आणि पेपर सांगत राहिले. पहिला प्रश्न कुठला आला, दुसऱ्यात काय लिहिलं, वेळ कसा पुरला. ती मान हलवत होती. गरजांवरचा प्रश्न आला होता, तो मी गाळून सांगितला. इतका वेळ मी घरात कधीच बोलले नसेन. थांबले असते तर रडले असते. तिनं मध्येच हातानं खूण केली, चुलीवर भात आहे, खा.

आठवडाभरात ती कामावर गेली. घास डाव्या बाजूनं चावायला शिकली. आज आमच्या घरात कुणाला विचारलं तर त्या बाजूला दाढ होती हेही कुणाच्या ध्यानात येणार नाही. आईनं कमी केलेल्या गोष्टींचं असंच होतं. घर त्या जागेभोवती सरकून बसतं. पप्पांना आता काळपट चहाच आवडतो.

मी आता शेवटच्या वर्षाला आहे. दुपारनंतर शाहूपुरीतल्या एका दुकानात बिलं करते. गेल्या महिन्यात थोडे पैसे जमले तेव्हा मी आईला म्हटलं, दाढ बसवून घेऊ. ती नको नको म्हणत होती. शेवटी परवा मी तिला जवळजवळ ओढतच राजारामपुरीत एका डॉक्टरबाईंकडं नेलं. बाई चांगल्या होत्या. आरसा धरून आईला तिचंच तोंड दाखवत त्यांनी समजावलं, की काढलेल्या दाढेच्या दोन्ही बाजूंच्या दाढा त्या फटीकडं झुकल्यात. त्या दोन्ही थोड्या घासून बारीक करायच्या आणि त्यांच्या आधारानं मधली बसवायची.

"चांगल्या दाढा घासायच्या?" आईनं विचारलं.

"थोड्याच."

"गेलेल्या एकीसाठी चांगल्या दोन कशाला झिजवायच्या, बाई?"

दुसराही उपाय होता, हाडात स्क्रू बसवायचा. त्याचा आकडाही बाईंनी सांगितला. माझ्या जमलेल्या पैशात तो बसणारा नव्हता. आई खुर्चीवरून उतरली, पदर नीट केला, बाईंना नमस्कार केला. तिला वाईट वाटलेलं नव्हतं. सुटल्यासारखी दिसत होती. तपासणीचे पैसे मी काउंटरवर, तिची पाठ असताना भरले.

परतीच्या बसमध्ये आम्हाला जागा मिळाली. खिडकीतून वारा येत होता. पुलावर आल्यावर आईनं विचारलंच.

"किती घेतलं गं तपासायचं?"

खरं सांगितलं असतं तर घरी जाईपर्यंत ती त्याच आकड्यात अडकली असती. त्यात काय काय आलं असतं, हे मोजत बसली असती.

"काही नाही," मी म्हटलं. "पहिली तपासणी फुकट असती त्यांच्यात."

"फुकट?" आईचा चेहरा खुलला. "बघ, तरी म्हटलं, बाई भली दिसती." ती बाहेर बघायला लागली. मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं काहीतरी वाचवलं होतं, खोटं का होईना.

पूल संपला. आईनं माझ्याकडं तोंड वळवलं. आवाज अगदी हळू होता.

"ह्यांच्यात तवा बी फुकट होतं काय गं? त्या वर्षी?"

हो म्हटलं असतं तर तिची दाढ उगाच गेली असती. तपासणीच्या पैशाला भिऊन दाढेखाली धरलेली ती सगळी लवंग, तो सगळा उन्हाळा, काही गरज नसताना तिनं काढला, असं झालं असतं. आणि फुकट काहीच नव्हतं, आत्ताही नाही, हे आता सांगता येत नव्हतं. मी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. ती वाट बघत होती.

"न्हाय आई," मी म्हटलं. "तवा न्हवतं. आत्ता सुरू केलंय. ह्याच वर्षी."

"व्हय?"

"व्हय की. बोर्ड लावलाय त्यांनी."

आईनं थोडा वेळ विचार केला. मग खांदे सैल सोडले.

"मग बरं," ती म्हणाली, आणि सीटला टेकून बसली.